हजेरीचा हंडा

परवा आमच्या शाळेत बैठक झाली. मी पहूरकडच्या एका शाळेत शिकवते. कापूस फुटला की आमच्या आठवी-नववीच्या मुली वर्गातून नाहीशा होतात आणि वेचणी संपली तरी त्यातल्या काही परत येत नाहीत. त्या परत याव्यात म्हणून बक्षीस काय ठेवावं, यावर बोलणं चाललं होतं. कोणी म्हणालं दप्तर, कोणी म्हणालं सायकल. एक नवीन सर म्हणाले, "आमिष दाखवून शिक्षण होत नसतं, मॅडम." मला राग लवकर येतो, तसा तेव्हाही आला. मी म्हटलं, "सर, मी आमिषावरच शिकले. भांड्यांवर." सगळे हसले. पुढचं सांगायला बैठकीतला वेळ पुरला नसता.

आमचं गाव साक्री तालुक्यात, डोंगराच्या बाजूला. गावात दहावीपर्यंत शाळा होती. खिचडीच्या वासाने लहान पोरं आपोआप यायची. मोठ्या मुलींचं तसं नव्हतं. कांद्याची लागण आली की मुलगी घरी, भाऊ आजारी पडला की मुलगी घरी, आईला माहेरी जायचं असलं तरी मुलगी घरी. मग मी आठवीत गेले त्या वर्षी आमच्या हेडसरांनी डोकं चालवलं. पोरींना समजावून उपयोग नाही, त्यांच्या आयांना हवं ते द्यायचं. साक्रीतल्या एका व्यापाऱ्याला त्यांनी तयार केलं. महिनाभर एकही खाडा न करणाऱ्या मुलीला स्टीलचं एक भांडं मिळायचं. वाटी, तांब्या, डबा, असं काहीतरी. त्यावर मुलीचं पूर्ण नाव कोरलेलं. आणि आठवी ते दहावी ज्या मुलीचे खाडे सगळ्यात कमी, तिला निरोपाच्या दिवशी तांब्याचा हंडा. त्यावरही नाव.

आमच्याकडे भांड्यावर बाईचं नाव पडतं ते लग्नात. त्यामुळे गावातल्या बायकांनी या भांड्यांकडे पाहिलं ते त्याच डोळ्यांनी. शाळा पोरीचं आंदण भरून देतेय, अजून काय पाहिजे? हजेरी अशी वाढली की बसायला बाकं पुरेनात. हेडसर खूष. एका बाईने तर त्यांना विचारलं म्हणे की कुकर कोणत्या वर्गाला देता.

माझी आई त्या सगळ्या बायकांच्या पुढे एक पाऊल. पहिलं भांडं मी घरी आणलं, एक साधी वाटी, तर तिने ती पदराने पुसली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि माळ्यावर ठेवून दिली. हात लावायचा नाही. रुखवतात मांडायची भांडी कोरी लागतात. एकदा भांडं चुलीवर चढलं किंवा उष्ट्याला लागलं की ते घरातलं झालं. ते मांडवात मांडलं तर वऱ्हाडी नावं ठेवतात. म्हणून आम्ही पोचे पडलेल्या जर्मनच्या ताटल्यांत जेवायचो आणि डोक्यावर माझ्या नावाची चकचकीत भांडी साठत जायची. धाकटा भाऊ एकदा त्यातला पेला मागायला लागला, तर आईने त्याला असं काही झापलं की तो आठवडाभर माळ्याकडे बघायचा नाही.

आठवी संपली आणि आखाजीला आत्या माहेरी आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकीबाळींचा सण. झोके, गाणी, खापरावरचे मांडे आणि आमरस. त्या वर्षी आत्या रिकाम्या हाताने आली नव्हती. तिच्या सासरकडचं स्थळ होतं. मुलाकडे ट्रॅक्टर होता, विहिरीला पाणी होतं, आणि त्यांना मुलगी लवकर हवी होती. अठरा वर्षांचा कायदा सगळ्यांना ठाऊक होता. पण पत्रिकेवर कोणी वय छापत नाही, असं आत्या म्हणाली आणि वडीलही हसले.

मी आत बसून सगळं ऐकत होते. आई मांडे करत होती. ती हात थांबवून दारापर्यंत गेली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "शाळा तिले हंडा देवाव शे. तो घरमा येऊ द्या. हंडा येवाबिगर मी पोर देणार नही."

मग वडील म्हणाले, "खरी गोष्ट शे. फुकटना हंडा कोण सोडी?" वडील वाईट नव्हते, पण त्यांना चारचौघांत मिरवायची भारी हौस. मांडवात तांब्याचा हंडा, त्यावर त्यांच्या मुलीचं नाव, तोही शाळेने दिलेला! त्यांच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं असणार. आत्याने तोंड वाकडं केलं. पण वाट पाहायला मुलाकडचे तयार झाले. फक्त एक ठरलं. हंडा दुसऱ्या मुलीला जाणार असं दिसलं, तर मग थांबायचं कारण नाही. त्याच वर्षी उरकून टाकायचं.

आईच्या वाक्यापुढचं हे सगळं मला पुढे कधीतरी कळलं. आईचं वाक्य कानावर पडलं तशी मी मागच्या दाराने निघून गोठ्यात जाऊन बसले होते. मला एवढंच कळलं, की हंडा आला की माझं लग्न. माझ्या आईला हंडा हवा आणि त्या बदल्यात ती मला देऊन टाकणार. चौदा वर्षांच्या मुलीचं डोकं ते. त्यात एक गोष्ट शिरली की दुसरीला जागा नसते. मी ठरवलं, हंडा मिळवायचाच नाही. खाडे करायचे.

नववीत मी तेच केलं. दप्तर घेऊन निघायचं आणि नदीकाठच्या बाजरीत जाऊन बसायचं. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा आईने मला शोधून काढलं, वेणी धरून बाजरीतून ओढलं आणि तसंच गावातून शाळेपर्यंत नेलं. पायाला चिखल, डोक्यात काड्या. वर्गाच्या दारात मला ढकलून ती हेडसरांना म्हणाली, "लिखी घ्या, उनी शे." पोर आली आहे, हजेरी मांडा, एवढंच. सगळा वर्ग हसला. मी दिवसभर खाली मान घालून बसले होते. संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "तुला मी नको, तुला हंडा पाहिजे." ती भाकरी थापत होती. तिने ती तव्यावर टाकली.

त्यानंतर तिने मला सोडलंच नाही. ताप आला तरी शाळा, पाऊस असला तरी शाळा. पोटात दुखतंय म्हटलं की ओवा हातावर ठेवायची आणि दप्तर गळ्यात. हेडसर दर महिन्याला प्रार्थनेनंतर सांगायचे, हंड्याच्या शर्यतीत कोण पुढे आहे ते. खळ्याजवळच्या घरातली एक मुलगी आणि मी, आम्ही दोघी बरोबरीने चाललो होतो. माझं नाव पुढे आलं की सगळ्या मुली टाळ्या वाजवायच्या आणि मला वाटायचं, वाजवा, माझ्याच लग्नाच्या टाळ्या वाजवा.

दहावीच्या वर्षी, थंडीत, आबा गेले. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. मी त्यांची लाडकी. संध्याकाळी ओसरीवर बसून मी त्यांना धडे वाचून दाखवायची. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण मी अडखळले की त्यांना बरोबर कळायचं. ते पहाटे गेले. उजाडेपर्यंत अंगण माणसांनी भरलं. मी त्यांच्या पायाशी बसून रडत होते. तेवढ्यात आईने माझ्या दंडाला धरून मला उठवलं, न्हाणीच्या मागे नेलं, माझं तोंड पाण्याने धुतलं आणि दप्तर माझ्या हातात दिलं.

"शाळामा जाय," ती म्हणाली.

मला वाटलं, तिचं डोकं फिरलंय. मी नाही म्हटलं. तिने माझ्या तोंडात मारली. तिने मला मारलं ते तेवढंच. मग मागचं दार उघडलं आणि मला बाहेर काढलं. मी गेले. शाळेत जाऊन बसले, हजेरीला "हजर" म्हटलं. हेडसरांना आबांचं कळलं होतं, पण त्यांचा नियम पक्का होता. मयत असो की लगीन, खाडा तो खाडा. "अपवाद केला तर या गावातल्या निम्म्या आज्या दर महिन्याला मरतील," असं ते नेहमी म्हणायचे. मी परत आले तेव्हा अंगण सारवलेलं होतं. आबांना पोचवून माणसं परतली होती. त्यांना नेताना मला शेवटचं बघायला मिळालं नाही.

दहा दिवस आत्या घरात होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची, "हंड्याकरता हिने सख्ख्या नातीला मयतावरून उठवलं." बायका आईकडे बघायच्या. आई खाली मान घालून पाणी द्यायची, चहा द्यायची. मला आत्याचं बोलणं बरं वाटायचं, हे खरं. मी तेव्हा आईशी बोलणंच सोडलं. ती जेवायला वाढायची, मी जेवायची. इतकंच.

निरोपाच्या दिवशी हंडा मला मिळाला. वडील नवा सदरा घालून आले होते. त्यांनी हंडा खांद्यावर घेतला आणि गावातून लांबच्या रस्त्याने घरी आणला. आईने तो लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवला. परीक्षा झाली. मी पेपर चांगले लिहिले, पण कशासाठी लिहितेय ते मला कळत नव्हतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडचे सुपारी फोडायला येणार होते.

त्या दिवशी सकाळी मी उठले तर मागच्या अंगणात धूर. चुलीत कपाशीच्या काड्या भडकल्या होत्या आणि चुलीवर हंडा होता. माझा हंडा. खालून अर्धा काळा पडला होता, आत पाणी उकळत होतं. बाजूला लुगड्याचं गाठोडं सोडलेलं. एका डब्यात डाळ शिजलेली, दुसऱ्यात पुरण. वाट्यांमध्ये आमरस काढून ठेवलेला आणि भाऊ त्यातली एक वाटी चाटत बसला होता. सगळी भांडी वापरलेली. एकही कोरं उरलं नव्हतं.

वडील अंघोळीला म्हणून खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले आणि उभे राहिले.

"हाई काय करं?" ते म्हणाले.

"तुमले न्हावाले पानी ठेवं," आई म्हणाली.

मागून आत्या आली. तिने हंडा बघितला, वाट्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला. ती आईला बरंच बोलली. शेवटी म्हणाली, "चुलीवर चढेल भांडं मांडवमा कोण मांडस? काय तोंड दाखाडवं आते?" वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं ना, मांडवात हंडा असेल म्हणून. आई चुलीत काड्या सारत होती. ती एवढंच म्हणाली, "मंग थांबा. बारावी व्हईपर्यंत गोळा व्हतीन दुसरा."

वडील किती तरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. मी वडिलांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. कुठलीही बाई चुकून तांब्याचा नवा हंडा चुलीवर चढवत नाही, तेही पाहुणे येणार त्या सकाळी. हे त्यांना कळत होतं. आणि तेव्हा, तिथे उभ्या उभ्या, मलाही कळलं. दोन वर्षं ती माझं आंदण गोळा करत नव्हती. ती दिवस गोळा करत होती. "नको" म्हणायची तिची छाती नव्हती, आणि म्हणाली असती तरी घरात ऐकलं कोणी असतं? पण "हंडा येऊ द्या" हे सगळ्यांनी ऐकलं.

वडिलांनी पंच्याने हंड्याचे काठ धरले, तो खाली उतरवला आणि न्हाणीत नेला. त्याच पाण्याने त्यांनी अंघोळ केली. दुपारी पाहुणे आले. माझ्या नावाच्या वाट्यांतून आमरस जेवले. वडील त्यांना म्हणाले, "पोर साक्रीले शिकाले जाई ऱ्हायनी. दोन वरीस थांबतस का?" ते थांबणारे नव्हते. आत्या त्यांच्याबरोबरच निघून गेली आणि पुढची दोन वर्षं आखाजीला आली नाही.

मी साक्रीला गेले, मग धुळ्याला, आणि नोकरी लागल्यावर इकडे जळगावच्या बाजूला. पण आबांच्या दिवसाची गोष्ट मनात तशीच राहिली होती. ती मी आईला विचारली ते परवाच्या बैठकीनंतर, गावी गेले तेव्हा. आई चुलीपाशी बसली होती. अजूनही अंघोळीचं पाणी ती त्याच हंड्यात तापवते. माझं नाव काजळीखाली कधीच बुजलंय. मी म्हटलं, "एक दिवस मला आबांजवळ बसू दिलं असतंस तर काय झालं असतं?"

तिने एक काडी मोडून चुलीत सारली.

"आबा ते गयात," ती म्हणाली. "तू बाकी व्हती."