ईनबाईच्या पेटीतला मोबाइलचा खोका

२ जुलै २०२५ रोजी मोहाडीच्या बाजारात धुरपताबाईंचा ९,४९९ रुपयांचा मोबाइल चोरीस गेला. त्या माझ्या शेजारीण. धानाच्या रोवणीसाठी बायांची टोळी त्या नेतात. वाचता येत नसल्याने त्यांनी प्रत्येक शेतकऱ्याच्या नंबराला त्याचा फोटो जोडून घेतला होता. जुन्या नंबरचे नवे सिम मिळाले, ते घरातल्या साध्या फोनात घातले, पण फोटो गेले. फोन यायचे, बोलतोय कोण आणि रोवणी कोणाची, काही कळेना.

पोलीस ठाण्यात फोनचा आयएमईआय नंबर मागितला. प्रत्येक फोनला त्याचा स्वतःचा पंधरा आकडी नंबर असतो. फोन हातात असता तर *#06# दाबताच तो दिसला असता. बिलावर दुकानदाराने लिहिला नव्हता. उरला खोका; त्यावर तो छापलेला असतो.

"खोका तं सानगडीले हाये," धुरपताबाई म्हणाल्या.

सानगडी म्हणजे लेकीचे सासर. तिथे नातवाच्या बारशाला चांदीचे वाळे त्यांनी त्या मजबूत खोक्यात घालून नेले होते. खोक्यावरचे चित्र पाहून त्यांच्या विहीण मनकर्णाबाईंनी साऱ्या बायांना सांगितले, "ईनबाईनं मोबाइल आनला!" आणि उघडल्यावर निघाले वाळे.

मुलीने, हर्षाने, फोनवर सांगितले, "सासूबाईनं खोका पेटीत कुलपात ठेवला. म्हनते, जिले पायजे तिनं सोता यावं."

आम्ही एसटीने सानगडी गाठली.

"मोबाइल देल्ला नाही, अन् आता खोकाही वापस पायजे काय, ईनबाई?"

"खोका तुमीच ठेवा वो. मले त्याच्यावरचा नंबर पायजे."

"चार बायांत माही फजिती झाली, त्याचं काय?"

"वाळे चांदीचे होते ना!"

"म्हनून तं आजवर बोलली नाही."

शेवटी मानाची साडी ठरली. मनकर्णाबाईंनी दुकानात जाऊन साडेसहाशेची निवडली. मग पेटी उघडली. त्या चौथी शिकलेल्या; आकडे वाचायचा मानही त्यांनी सोडला नाही. फोन दोन सिमचा, म्हणून आयएमईआयही दोन; ते त्यांनी खड्या आवाजात वाचले, मी लिहून घेतले आणि पुन्हा वाचायला लावून ताडून पाहिले.

ठाण्यात तक्रार झाली, सरकारी संकेतस्थळावर नंबर चढवला. कोणीतरी त्या फोनमध्ये आपले सिम घालताच पत्ता लागला. रोवणी निम्मी बाकी असतानाच फोन परत आला. धुरपताबाईंचे सिम त्यात घालताच पोलिसांसमोरच तो वाजला. पडद्यावर म्हशीचा फोटो.

"हा तुलाराम," धुरपताबाई खुशीत म्हणाल्या. "फोटो काढाले लाजते, म्हनून त्याची म्हैस टाकली." आणि फोन कानाला लावून, "बोल तुलाराम, उद्या आनतो बाया!"

साडीला त्यांच्याजवळ पाचशेच होते. वरचे दीडशे मी दिले. त्यांतले एकशे दहा आले. चाळीस रुपये बाकी आहेत.