वेगाचा काटा

आमच्या घरात विमान होतं, हे मी कधी कुणाला आपणहून सांगितलं नाही. सांगितलं की पुढचे प्रश्न येतात. आता या गोष्टीने दुखावेल असं घरात कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. रोज थोडं लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी माझे यजमान हवाई दलातून निवृत्त होऊन गावी आले. गाव कऱ्हाडपासून सहा मैलांवर, नदीकाठचं, उसाचं. मी एस.टी.ने रोज कऱ्हाडला जाऊन शाळेत इंग्रजी शिकवत होते. हे दलात फिटर होते, विमानाचा सांगाडा दुरुस्त करणारे. दुसऱ्यांनी उडवायची विमानं यांनी पंधरा वर्षं तपासून दिली. मधल्या सुट्ट्यांमध्ये एका फ्लाइंग क्लबात जाऊन स्वतःही उडवायला शिकले होते. आल्यावर आठवडाभर झोपले. मग आमचं गुऱ्हाळघर झाडून घेतलं. ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून ते रिकामंच होतं आणि चरक बाहेर गंजत पडला होता.

एका माणसाने बसायच्या विमानाचे नकाशे यांनी परदेशातून मागवले होते. यांचे हात सरसाने भरलेले असायचे, म्हणून पानं मी वाचायची. शाळेतून आले की लुगडं बदलून गुऱ्हाळात जायचं आणि स्टुलावर बसून वाचायचं. इंग्रजी यांनाही येत होतं. पण वाचून दाखवलेलं यांना आवडायचं.

पंख लाकडाचे आणि वर कापड. कापड इचलकरंजीहून आणलं, बिनखळीचं. ते पंखाच्या फासळ्यांना शिवून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी हातभर लांब सुई असते. पंख उभा करून एका बाजूला मी बसायची, दुसऱ्या बाजूला हे. मी सुई घुसवली की ती पलीकडे यांच्या हातात जायची, गाठ मारून हे परत पाठवायचे. मधे पंख असल्यामुळे तोंड दिसत नसे. एका पंखाला आम्हाला दिवाळीची अख्खी सुट्टी लागली.

गावातली माणसं येऊन बसत. शेजारचे म्हातारे पाटील तर रोज यायचे.

"शेपूट झालं, शिंगं झाली. आता वैरण काय घालणार रं याला?"

"पेट्रोल, आबा."

"आन् शेण?"

"शेण नाही टाकत."

"मंग काय उपेगाचं," असं म्हणून ते तंबाखू मळायला घ्यायचे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या गुऱ्हाळाच्या दारापर्यंत यायच्या, आत यायच्या नाहीत. पंखावर लावायच्या रोगणाच्या वासाने त्यांचं डोकं धरायचं. पण लेक कुठे जात नाही, डोळ्यांसमोर आहे, एवढ्यावर त्या खूश होत्या. एकुलता एक मुलगा पंधरा वर्षं बाहेर होता.

परवानगीची कागदपत्रं पुरी व्हायला दोन वर्षं लागली. मग पंख सोडवून सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घातलं आणि कऱ्हाडजवळच्या धावपट्टीवर नेलं. तिथे पत्र्याची एक शेड मिळाली होती. पहिल्यांदा विमान वर गेलं तेव्हा मी काय केलं असं मला विचारतात. मी घड्याळ बघत होते. यांनी तसं सांगितलं होतं. सात मिनिटं. खाली आल्यावर हे म्हणाले, "डावीकडे ओढतंय जरा." नंतर आणखी तीनदा उडाले. दर वेळी निघायच्या आधी मी यादी वाचायची आणि हे एकेका वस्तूला हात लावून उत्तर द्यायचे. यांची पद्धतच तशी होती. हात लावल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही. आणि दोष सापडला, की त्याचं कारण कळेपर्यंत जेवायचं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला आत्याबाई ताट घेऊन शेडमध्ये आल्या. नांगर, कोयते, मोटार, सगळ्यांची पूजा होते, मग याचीच का नको? हे नारळाला घाबरून पुढे आले.

"आई, नाकावरच्या पंख्यावर नारळ फोडायचा नाही."

"मंग कुटं फोडू? तुज्या टकुऱ्यावर?"

हे हसत नारळ घेऊन बाहेर दगडावर फोडायला गेले. मी चाकांना, पंख्याला, आतल्या चालवायच्या दांड्याला हळदकुंकू लावत होते. डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी होती, तोंड समोर असलेली. तिच्यात वारा शिरतो आणि त्यावर आतला वेगाचा काटा हलतो.

"त्या नळीला लाव की गं," आत्याबाई म्हणाल्या.

"तिला नको, आत्याबाई."

"अगं, तोंड हाय तिला. ज्येला तोंड हाय, त्येच्या तोंडाला लावायचं. चुलीला लावतो, जात्याला लावतो, चरकाला लावत हुतो. उपाशी ठिवती का तिला?"

त्या नळीचं पान मीच वाचलं होतं. तोंड कायम मोकळं असावं, असं त्यात होतं. तरी मी बोट ओलं करून लावलं. कडेलाच लावते आहे असं मला वाटलं. हळद पातळ होती आणि तिच्यात अक्षता होत्या. मग नळीवर मी शिवलेली कापडी पिशवी चढवली, रोज चढवायची तशी. हे नारळाचा तुकडा घेऊन आत आले. मी काही बोलले नाही. लपवायचं होतं असंही नाही. तेवढं महत्त्वाचं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी गावातली पुष्कळ माणसं धावपट्टीवर आली होती, काही बैलगाड्यांतून, बैलांची शिंगं रंगवून. मी यादी वाचली.

"नळीची पिशवी?"

"काढली," हे म्हणाले. पिशवी यांच्या हातात होती.

विमान वर गेलं. नदीपर्यंत जाऊन वळलं. दहा मिनिटांनी उतरायला आलं तेव्हा नेहमीपेक्षा जोरात येत होतं, हे मलाही कळलं. पट्टीचा अर्धा भाग तसाच मागे गेला. मग चाकं टेकली, उचलली, पुन्हा टेकली. पट्टी संपली. पलीकडे ओढा होता, त्यात ते नाक घालून उलटं झालं.

मी पळाले नाही, चालत गेले. माणसं मला मागे टाकून पुढे गेली. यांना बाहेर काढून जीपमध्ये ठेवत होते तेव्हा डावा पंख माझ्या समोरच होता, खालची बाजू वर आलेला. नळीच्या तोंडावर चिखल लागला होता. मी नखाने चिखल काढला. आत वाळून घट्ट झालेलं पिवळं होतं. एक तांदूळ होता.

मिरजेच्या दवाखान्यात हे चार दिवस होते. छातीला मार होता. बोलत होते, हळू. आत्याबाई बाहेर व्हरांड्यात चटईवर बसून असत. आत एकालाच सोडायचे.

"काटा हललाच नाही गं," हे म्हणाले.

मी पाणी दिलं.

"निघतानाच हलला नाही. परत फिरायला पाहिजे होतं. एवढी माणसं बघत होती, नको वाटलं. ती चूक माझी." मग थांबून, "उतरताना वेग कमी पडेल म्हणून जास्तच ठेवला. पण काटा का नाही हलला?"

"बोलू नका फार."

"जोड गळत असणार. पंखाच्या मुळाशी एक जोड आहे, काट्यांच्या तक्त्यामागे दुसरा. दोन्ही मीच बसवले."

दुसऱ्या दिवशीही तेच. डोळे मिटून हे ती नळी मनातल्या मनात चाचपत होते, पंखापासून तक्त्यापर्यंत. बोटं चादरीवर हलायची. "मुळाजवळचाच असणार. पीळ कमी दिला असणार मी." नर्सने पेज आणली तर मान हलवली. मला ती सवय माहीत होती. कारण कळलं नव्हतं.

मी दोन दिवस गप्प राहिले. यांना कळलं तर काय म्हणतील, याची भीती होती असं आता लिहिता येईल. पण तेव्हा भीतीसुद्धा वाटत नव्हती. मी यांची बोटं बघत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सांगितलं.

"जोड गळत नव्हता. नळीचं तोंड बंद होतं. आदल्या दिवशी मी हळदकुंकू लावलं होतं. आत वाळलं."

हे माझ्याकडे बघत राहिले.

"आईने सांगितलं?"

"हो. पण लावलं मी."



"म्हणजे जोड बरोबर होता."

"होता."

"दोन्ही?"

"दोन्ही."

यांनी डोळे मिटले. बोटं थांबली. मग म्हणाले, "आईला सांगू नकोस." आणि थोड्या वेळाने, "पेज आहे का?" चार चमचे घेतली. मला यांनी काहीच म्हटलं नाही. रागाचं नाही, दुसरंही नाही. चौथ्या दिवशी सकाळी गेले.

चौकशीला मुंबईहून एक साहेब आले. नळीत माती सापडली, ती विमान उलटल्यावर शिरली असावी, असं त्यांनी लिहून घेतलं. ते येईपर्यंत ओढ्याच्या पाण्यात पिवळं उरलं नसेल. घरी आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" उंबऱ्याशी आत्याबाई शेंगा फोडत होत्या. मी सांगितलं असतं तर यांच्या नावावरचा दोष थोडा तरी कमी झाला असता. मी नाही म्हटलं.

चार-पाच महिन्यांनी टपालाने अहवाल आला. टाइप केलेली इंग्रजी तीन पानं. शेवटी लिहिलं होतं की वेगाचा अंदाज न आल्यामुळे चालकाच्या चुकीने अपघात झाला. आत्याबाई समोर येऊन बसल्या.

"काय लिवलंय?"

घरातले सगळे कागद मीच वाचून दाखवत होते. त्यांनी कधी माझ्या वाचण्यावर शंका घेतली नव्हती.

"लिहिलंय, की विमान चांगलं बांधलं होतं. कामात खोट नव्हती. कुणाची चूक नव्हती."

"कुणाचीच न्हाई?"

"कुणाचीच नाही."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. कागदाकडे बघत राहिल्या.

"पुन्यांदा वाच."

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. ओळींवरून बोट फिरवत, हळू, मघाचेच शब्द त्याच क्रमाने यावेत म्हणून.