नानांची गाडी शनिवारीच का गळते

आधीच माफी मागतो. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर समजून घ्या. भारी शब्द मला येत नाहीत, पान्यांचे नंबर येतात! समोर अनोळखी माणूस असला की माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहितोय.

लालबागला आमचं गॅरेज आहे. मालक दत्तामामा, मालवणचे. इलेक्ट्रिकचं काम फिरोज बघतो आणि इंजिनाचं मी, नंदू. आमच्याकडे जुन्या गाड्या येतात, आणि जुनी गाडी म्हटली की इंजिन ऑइल गळणारच. किस्सेही तसेच. कितीही पुसा, दुसऱ्या दिवशी फरशीवर नवीन डाग असतोच.

त्यातले निम्मे डाग नानांच्या गाडीचे.

नाना बँकेतून रिटायर झालेले, परळला राहतात. त्यांची चाळ पाडून टॉवर झाला. नाना आणि त्यांची बायको माई लिफ्टने वर गेले आणि त्यांची जुनी निळी गाडी खाली चकचकीत टाइल्सच्या पार्किंगमध्ये आली. टाइल्सवर ऑइलचे डाग पडायला लागले. सोसायटीचे सेक्रेटरी पाटकर यांनी सांगून टाकलं, "गळती थांबवा, नाहीतर गाडी बाहेर!"

बाहेर म्हणजे कुठे? रस्त्यावर जागा आहे का? बाहेर म्हणजे भंगारात. याच गाडीतून नानांनी माईंना बाळंतपणाला नेलं होतं. त्या बाळंतपणात झालेला मुलगाच आता म्हणत होता, "बाबा, विकून टाका!"

* * *

गळती कुठून आहे ते शोधायची सोपी युक्ती म्हणजे गाडीखाली पेपर पसरायचा आणि सकाळी थेंब कुठे पडलेत ते बघायचं. मामांनी हे नानांना फोनवर सांगितलं.

सकाळी नाना गॅरेजमध्ये हजर. चालत! काखेत पेपर.

"गाडी खंय आसा?" मामांनी विचारलं.

"गाडी कशाला? रिपोर्ट आणलाय ना!" नाना म्हणाले. जसा काही रक्ताचा रिपोर्ट!

मामांनी पेपर उघडला. नानांनी तो नीट चार घड्या घालून आणला होता. एका बाजूचे थेंब सगळीकडे उमटलेले. पुढची बाजू कुठली, मागची कुठली, काही पत्ता नाही.

मामांनी पेपर सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मग म्हणाले, "नानांनू, ह्यो रिपोर्ट नाय. ही रांगोळी आसा!"

* * *

आमच्या फिरोजला एक सवय आहे. गाडीखाली काहीही ओलं दिसलं की बोट लावणार, वास घेणार आणि निकाल देणार. "इंजिन ऑइल." "ब्रेक ऑइल." "काही नाही, एसीचं पाणी." आणि तो चुकत नाही.

एकदा वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी आपली जुनी व्हॅन घेऊन आल्या. "खालून कायतरी गळतंय रं. पोरगा बोलतो इंजिन गेलं." मावशी अगदी रडकुंडीला आलेल्या.

फिरोज गाडीखाली गेला. बोट लावलं. वास घेतला. बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाला, "सुरमई."

मासळीच्या टोपलीचं पाणी होतं ते! मागच्या पत्र्याला भोक पडलेलं, तिथून टपकत होतं. इंजिन ठणठणीत.

मावशींच्या जिवात जीव आला. पण जाता जाता त्या थांबल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "सुरमय नाय रं मेल्या, बांगडे व्हते! नाक दाखव डॉक्टरला!"

तेव्हापासून गॅरेजमध्ये फिरोजच्या नाकाची इज्जत राहिली नाही.

* * *

नानांची गाडी शेवटी गॅरेजला आली. पेपरने काम झालं नव्हतं, म्हणून दुसरी युक्ती. इंजिन धुऊन सुकवायचं, त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडायची आणि गाडी एक चक्कर फिरवायची. जिथून ऑइल येतं तिथून पांढऱ्यावर काळी रेघ दिसते.

पावडर आणायला मी गेलो. दुकानात काउंटरवर मुलगी होती. तिने विचारलं, "कोणासाठी हवीय?"

माझ्या तोंडातून आलं, "इंजिनासाठी."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग लहान बाळांच्या पावडरचा डबा पुढे केला. "ही घ्या. स्किन नाजूक असेल ना त्याची!"

मी सुट्टे पैसे न घेताच पळालो.

चक्कर मारायला नाना स्वतः बसले. "माझ्याशिवाय ती नीट चालत नाही." चिंचपोकळीपर्यंत जाऊन परत आले. काच खाली झाली आणि आत एक पांढराफटक माणूस! नानांनी ब्लोअर चालू केला होता, सगळी पावडर आतल्या जाळीतून तोंडावर. फक्त डोळे तेवढे काळे.

माई गॅरेजमध्येच बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "लग्नात तरी एवढे गोरे दिसला नव्हता!"

पण रेघ सापडली. इंजिनावर टॅपेट कव्हर म्हणून एक झाकण असतं. त्या झाकणाखालचं रबरी पॅकिंग कडक झालं होतं. ऑइल तिथूनच येत होतं.

* * *

झाकण मी उघडायला घेतलं. कडेने काहीतरी काळं, जाड थापलेलं होतं. मला वाटलं, कोणीतरी पूर्वी गळती बुजवायचा मसाला लावलाय. स्क्रूड्रायव्हर घातला तर कडकन तुकडा पडला. वरून काळा, आतून गव्हाळ, मस्त खरपूस!

"नाना, हे काय आहे?"

नाना जरा घुटमळले. "कणीक. मीच लावली होती."

"कणीक?"

"अरे, मोदकपात्राच्या झाकणातून वाफ जायला लागली की माई कणीक लावते. एक थेंब बाहेर येत नाही! मला वाटलं, झाकण ते झाकण."

मामांनी कपाळाला हात लावला. फिरोजने तुकडा उचलला, उलटापालटा केला आणि विचारलं, "नाना, साजूक तूप आणलंय का?"

मी कणीक खरवडली, नवीन पॅकिंग बसवलं, बोल्ट हलक्या हाताने आवळले, नवीन ऑइल भरलं. सोसायटीत गाडी पोचवायला गेलो तर पाटकर समोरच उभे. "गॅरंटी काय?" त्यांनी विचारलं. नाना माझ्याकडे बघायला लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसासमोर ठासून बोललो. "आता थेंब पडणार नाही. माझी जबाबदारी."



* * *

आठवडाभर टाइल्स कोरड्या. नाना रोज फोन करून सांगायचे, "नंदू, आजही काही नाही!" आणि मग शनिवारी संध्याकाळी पाटकर फेरीला आले, तेव्हा थेंब!

सोमवारी मी गाडी परत बघितली. पॅकिंग कोरडं, ऑइल काढायचा खालचा नट कोरडा. तरी नटाचा वॉशर बदलला. पुन्हा आठवडाभर काही नाही. पुन्हा शनिवारी थेंब! पाटकरांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

"गाडीला शनी लागला," मामा म्हणाले.

नाना म्हणाले, "आणि रविवारी चालवली की फोडणीसारखा वास येतो रे."

"वय झालं की असे वास येतात," मामा म्हणाले. गाडीचं वय की नानांचं, ते सांगितलं नाही.

फिरोज स्वतः जाऊन बोट लावून आला. "भाई, हे इंजिन ऑइल नाही. हे खायचं तेल आहे."

आम्ही पोट धरून हसलो. "आधी सुरमई, आता खायचं तेल! पुढच्या वेळी कढीपत्ता काढशील!"

पण पाटकरांनी नानांना शेवटचं सांगितलं होतं. या शनिवारी थेंब दिसला तर सोमवारी गाडी बाहेर. नानांनी त्या आठवड्यात मला एकदाही फोन केला नाही.

* * *

त्या शनिवारी मी दुपारीच पार्किंगमध्ये जाऊन खांबामागे बसलो. बॉनेट उघडून बघून घेतलं, सगळं कोरडं. संध्याकाळ झाली. दिवेलागणीला लिफ्ट उघडली आणि माई बाहेर आल्या. धुतलेली साडी, डोक्यावरून पदर, हातात वाटी. त्यांनी सराईतपणे बॉनेट उघडलं, काठी लावली, हात जोडले आणि वाटीतलं तेल टॅपेट कव्हरवर धार धरून ओतलं!

"माई!" मी ओरडलो.

"अगं बाई! नंदू! केवढ्याने ओरडतोस?"

"हे काय करताय?"

"नवस फेडतेय. बोलले होते, गळती थांबली तर दर शनिवारी तेल वाहीन. थांबली ना? तूच थांबवलीस. मग वाहायला नको?"

"पण माई, शनिवारचं तेल मारुतीला वाहतात ना? देवळात?"

माईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मलाच कळत नाही. "मारुतीला बोलले असते तर मारुतीला वाहिलं असतं. मी गाडीलाच बोलले होते."

तेवढ्यात जिन्यावर पाटकरांच्या चपला वाजल्या. माईंनी बॉनेट लावलं. मी खाली बघितलं. तेल इंजिनावरून ओघळत खाली आलं होतं, थेंब धरत होता. मी आडवा झालो आणि हात पुढे केला. टप!

पाटकरांनी टॉर्च मारला. पुढून बघितलं, मागून बघितलं. टाइल कोरडी. मग टॉर्च माझ्यावर आला. मी गाडीखालून निघत होतो, मूठ घट्ट बंद.

"मुठीत काय आहे रे?"

मी मूठ पाठीमागे नेली. माईच म्हणाल्या, "प्रसाद आहे. तुम्हाला हवाय?"

दुसऱ्या दिवशी रविवार, गॅरेज बंद. मी सकाळी घरातली एक खोलगट स्टीलची वाटी घेतली, तिच्या काठाला पत्र्याची पट्टी लावली आणि परळला जाऊन पुढच्या शनिवारी माईंना तेल वाहायला म्हणून ती नानांच्या गाडीच्या बॉनेटखाली, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, दोन बोल्टनी पक्की बसवली. मग पाणी भरून टेस्ट केली. गळत नाही.