विसाव्या मिनिटाची घंटा

दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत हणमंतराव शिपाई होते. प्रमुख पाहुणे भाषणाच्या ऐन रंगात असले, तरी तास संपला की त्यांची घंटा व्हायचीच. त्यांची मुलगी वैजयंती आता फरीदाबादच्या एका इस्पितळात, ऑपरेशनच्या वेळी हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र चालवते. अंगाने बारीक, बोलायला मवाळ. वेळेच्या बाबतीत मात्र थेट वडिलांवर गेलेली.

त्या मंगळवारी टेबलावर शशिकांत होते, कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहातले स्वयंपाकी. झडप बदलायची तर हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ स्नायू तगावा म्हणून त्याला औषध घातलेलं थंड रक्त देतात. इथे ते दर वीस मिनिटांनी द्यायचं होतं. शशिकांतांचं हृदय आधीच थकलेलं. एखादी पाळी चुकली, तर नवी झडप बसूनही ते पुन्हा उभं राहील याची खात्री नव्हती.

"सर, वीस झाली," वैजयंती म्हणाली.

"तीनच टाके राहिलेत." डॉक्टर सुधन्वांनी मान वर केली नाही. "पाच मिनिटं दे ना यार."

औषधाचं रक्त आत सोडायला त्यांना शिवण थांबवून बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी धरावी लागे. हात छान चालत असताना कोणाला थांबावंसं वाटतं? वैजयंतीने पडद्याकडे पाहिलं. इतका वेळ सपाट असलेली रेघ किंचित थरथरली. हृदय जागं होऊ पाहत होतं, आणि उपाशीपोटी जागं होणं त्याला परवडणारं नव्हतं.

"नाही सर. रेघ हलतेय. आत्ताच द्यायचं."

घंटेचा किस्सा डॉक्टरांनी चहाच्या वेळी ऐकलेला होता. "वडिलांची घंटा इथेही आणलीस का?"

"आणलीय. नळी घ्या सर."

त्यांनी सुई ठेवली. थंड रक्त आत गेलं, रेघ पुन्हा सपाट झाली. मग तीन टाके पडले, हृदयाकडे जाणारं रक्त अडवून धरलेला धमनीवरचा चिमटा सुटला. शॉक द्यायची तयारी होतीच. ती लागली नाही. एक ठोका पडला, थबकला. दुसरा पडला. आणि मग शाळा सुटल्यावर पोरं फाटकातून निघावीत तसे ठोके निघाले.

आठव्या दिवशी शशिकांत वॉर्डात फेऱ्या मारत इस्पितळाच्या डाळीला नावं ठेवत होते.

पुढच्या ऑपरेशनला एकोणिसाव्या मिनिटालाच डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

"अजून एक मिनिट आहे, सर."

"असू दे. घंटेआधी फळा पुसलेला बरा."