कांदेसरांचा पाचवा मायक्रोस्कोप

वडूजच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्राचे सर एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कांद्यांची पिशवी घेऊन यायचे. प्रयोगशाळेच्या खिडकीत पाण्याने भरलेल्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येकीच्या तोंडावर एकेक कांदा बसवायचा, म्हणजे खाली पाण्यात पांढरी मुळं सुटायची. त्या मुळांच्या टोकाशी पेशींचं विभाजन बघायला मिळतं. पोरांनी त्यांचं नाव कांदेसर पाडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. "लसूणसर म्हणाला न्हाईसा, उपकार झाले," म्हणायचे.

मुळं सकाळी आठालाच कापायची, हा त्यांचा हट्ट. तेव्हा पेशी जोरात विभागतात म्हणे. मी गावाकडून एसटीने यायची, त्यामुळे उशीर ठरलेला. "पेशी काय तुझ्या एसटीची वाट बघत बसत्यात व्हय गं?" आख्ख्या वर्गासमोर! असा राग यायचा मला. पण दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने आधीची गाडी पकडायची.

जर्नलमध्ये दिसेल तेवढंच काढायचं, हा त्यांचा दुसरा हट्ट. आम्ही कसले ऐकतोय! पुस्तकातली आकृती उतरवायची, रंग भरायचे, झालं. एकदा माझी सुबक आकृती बघून त्यांनी विचारलं, "हे समदं तुला काचपट्टीवर दिसलं?" मी मान खाली घातली. ओरडले नाहीत. "दिसत न्हाई तर दिसत न्हाई म्हणावं. त्यात लाज कसली?" एवढंच म्हणाले.

आणि हाच माणूस स्वतःची अधू झालेली नजर लपवत होता. एका सकाळी लाल रंगाचा थेंब ते काचपट्टीऐवजी टेबलावर टाकत होते, तेव्हा मला कळलं. मधुमेहाने डोळे चालले होते आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. "कुणाला बोलू नको. प्रयोगशाळा काढून घेतील गं. मग मी हितं येऊन करू काय?" तेव्हापासून ते मायक्रोस्कोप लावायचे आणि मी आधी डोकावून बघायची. "लागलं का गं?" "लागलं, सर." किती मिरवायची मी मनातल्या मनात! सरांचे डोळे म्हणजे मी.

मग तपासणीचे साहेब यायचा दिवस उजाडला. सरांनी पहाटेपासून खपून पाच मायक्रोस्कोप मांडले होते. मी स्वागतगीतात होते. साडी नेसून झाली होती, गजरा माळायचा राहिला होता आणि मैत्रिणी दारातून हाका मारत होत्या. चार मी नीट बघितले. पाचव्यात काळ्या कडेचं काहीतरी गोल दिसलं. "एकदम क्लिअर, सर!" म्हटलं आणि पळाले.

गाणं झालं, साहेब प्रयोगशाळेत आले, आम्ही मुली मागे भिंतीशी उभ्या. पाचव्या मायक्रोस्कोपावर वाकून साहेब हसले. "सर, हा तर हवेचा बुडबुडा आहे. बघा तुम्हीच."

काचपट्टीवर झाकायची पातळ काच घाईने ठेवली की खाली हवा अडकते. नवशिकं पोरसुद्धा दोन आठवड्यांत ओळखायला शिकतं. सर वाकले. बराच वेळ तसेच वाकून राहिले. मला एकच वाक्य बोलायचं होतं: "साहेब, बघायचं काम माझं होतं, चूक माझी." नाही बोलले. गजऱ्याचा वास तेवढा नाकात जात होता.

सर सरळ झाले. चष्मा काढून पुसला. "मला दिसत नाही, साहेब," ते म्हणाले. "वर्ष झालं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळा दुसऱ्यांकडे गेली, सरांना ग्रंथालयात खुर्ची दिली. दिवाळीच्या सुट्टीला गेले ते परत आलेच नाहीत. खिडकीतले कांदे कुजून वास मारायला लागले, तेव्हा शिपायाने फेकून दिले. मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन माघारी फिरले.

आता मी सांगलीत एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. गेल्या महिन्यात एक माणूस म्हाताऱ्या वडिलांना दंडाला धरून आत घेऊन आला. सर! पार वाळले होते. माझ्या तोंडावर मास्क होता, पण तो नसता तरी त्यांना काय कळणार होतं? त्यांनी हात पुढे केला. मी दंडाला पट्टा बांधला.

"शीर दिसतीय का, बाळ?"

'दिसतीय' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण डोळे असे भरले होते, की समोरचा हातसुद्धा दिसेना.

"नाही दिसत," मी म्हटलं.

"मग घाई करू नको. नीट बघ. आम्ही थांबतो की."

आणि हात त्यांनी तसाच पुढे धरून ठेवला. डोळे पुसून मी शीर शोधली, रक्त काढलं, कापूस दाबून धरला. "हात हलका हाय तुझा," म्हणाले आणि मुलाच्या आधाराने उठले. काचेच्या दारापाशी ते अडखळले, मुलाने त्यांना सावरलं. मी चार पावलांवर उभी होते. नाव सांगितलं नाही.