बेबी पावडर लावलेलं कोकरू

कोकराच्या अंगाला बेबी पावडरचा वास येत होता. गळ्यात लाल रिबीन, कपाळावर काजळाची तीट. आणि त्याची आई त्याला ढुशा मारून हाकलत होती.

"डॉक्टरसाहेब, मेंढीतच फॉल्ट आहे," सलीमभाई म्हणाले. "पोराले जवळच येऊ देऊन नाही राह्यली."

सलीमभाईंचं आर्णीत मोटारसायकलींचं गॅरेज आहे. गावाबाहेर एकरभर शेत आणि हौसेनं घेतलेल्या दोन मेंढ्या.

"सकाळी जन्मल्यावर काय केलं?"

"वॉशिंग! गरम पाणी, शाम्पू. आपल्या गॅरेजातून गाडी बिना धुता बाहेर जातच नाही."

वा! सर्व्हिसिंग उत्तम झालं होतं, फक्त मालकिणीला गाडी ओळखू येत नव्हती. मेंढी पिल्लाला वासावरून ओळखते. जन्मतःच त्याचं ओलं अंग चाटते, तेव्हा तिची खात्री पटते. इथे ती खात्री शाम्पूसोबत वाहून गेली होती. त्यात कोकराच्या पोटात चीक नव्हता. चीक म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध. पहिल्या काही तासांत तो मिळाला नाही, तर पिल्लू जगणं कठीण. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार होतं. मला भीती वाटली.

सलीमभाईंनी मेंढी धरली. मी चीक पिळून कोकराला बाटलीनं पाजला. पण रोज दर दोन-तीन तासांनी हे करणार कोण? आईनं त्याला जवळ घ्यायलाच हवं होतं.

"धुवायच्या आधी पुसलं कशानं?"

"बारदान्यानं. घाण झाला म्हणून बेगमनं फेकून देल्ला."

मग आर्णीचा नामांकित मेकॅनिक आणि पदवीधर पशुवैद्यक, दोघं उकिरडा उकरू लागले.

"कायले उकरून राह्यले जी?" सलीमभाईंच्या बेगम, शबानाभाभी, कुंपणाजवळून ओरडल्या. "नवीन बारदाना देतो ना!"

जुनाच सापडला. चिकट, दमट, अगदी हवा तसा. ओल्या फडक्यानं पावडर पुसली, रिबीन काढली आणि तो बारदाना कोकराच्या अंगावर खसाखसा चोळला. मेंढीनं हुंगलं. एक ढुशी मारली. पुन्हा हुंगलं. मग घशातल्या घशात हुंकारत तिनं त्याची पाठ चाटायला सुरुवात केली. कोकरू धडपडत आचळाला लागलं. मला फार बरं वाटलं. सलीमभाईंनी डोळे पुसले, ग्रीसच्या हातानं.

पंधरवड्यानं दुसरी मेंढी व्याली. त्यांचा फोन आला.

"साहेब, या टाइमले हातसुद्धा नाही लावला."

"शाब्बास."

"पण पोराची मायच चाटून चाटून वॉशिंग करून राह्यली. चालते ना?"

चालतं म्हटलं. तिचं गॅरेज तुमच्यापेक्षा जुनं आहे.