क्लिप कुणी आवळली?

रबरी पाइप लोखंडी नळीवर चढवायचा, त्याभोवती धातूची पट्टी घालायची आणि पट्टीचा स्क्रू पिळायचा. झालं! होज क्लॅम्प म्हणजे एवढंच. आमच्याकडे त्याला सगळे ‘क्लिप’ म्हणतात. यात किस्से होण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं. पण हावड्याच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं काढल्यावर सांगतो, अवघड काम माणूस निदान चार जणांना विचारून करतो. सोप्या कामात कुणाला विचारणार? तिथे तो पूर्ण आत्मविश्वासाने माती खातो. म्हणून तर किस्से साठत जातात.

आमचं वर्कशॉप पंप आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करतं. मी सांगलीचा, कंपनीने बदली करून कोलकात्याला धाडलेला इंजिनिअर. फोरमन तापस मंडल, म्हणजे सगळ्यांचे तापसदा. तीस वर्षं याच कामात. आवाज कधी चढत नाही. मॅनेजर बागची साहेब. यांचा आवाज कधी उतरत नाही. बोलणं सगळं हिंदी-बंगालीत चालतं, तुम्हाला मराठीत सांगतोय.

*

माझा पहिला दिवस. तापसदांनी एक पंप पुढे ठेवला आणि म्हणाले, “बाबू, एवढा पाइप बसवून टाका.”

पाइप भलताच टाइट. मी घाम गाळला, गुडघा लावला, दोनदा बोटं सोलून घेतली. शेवटी बसला एकदाचा! मी विजयी मुद्रेने मागे वळलो, तर टेबलावर क्लिप माझ्याकडे बघतेय. ती आधी पाइपवर ओवायची असते, हे माझ्या डिग्रीत नव्हतं.

परत गुडघा, परत बोटं. पाइप उपसून काढला, क्लिप ओवली, पाइप पुन्हा चढवला. पाऊण तास गेला. तापसदा शेजारी उभे राहून शांतपणे चहा पीत होते.

सगळं झाल्यावर त्यांनी दुसरी क्लिप उचलली, स्क्रू उलटा फिरवत राहिले. पट्टी सुटून सरळ झाली. ती त्यांनी बसवलेल्या पाइपभोवती वरूनच गुंडाळली आणि स्क्रूत परत अडकवली. दहा सेकंद!

“अहो, मग मघाशी का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं, तुमच्या कॉलेजात वेगळी पद्धत असेल.”

*

बागची साहेबांचा एका गोष्टीवर गाढ विश्वास आहे. जगातला कुठलाही प्रश्न आणखी आवळला की सुटतो. माणूस असो वा क्लिप.

एकदा एका कारखान्याचे मालक पंप बघायला आले. जोडावर पाण्याचा एक थेंब दिसला. एकच! बागची साहेबांनी स्क्रू ड्रायव्हर स्वतः हातात घेतला. तापसदा हळूच म्हणाले, “साहेब, पुरे. रबर पट्टीच्या खाचांतून वर येतंय.”

खरंच येत होतं. सोऱ्यातून शेव पडते, तसं.

“जास्त घट्ट म्हणजे जास्त सेफ!” साहेबांनी आणखी दोन वेढे दिले. पट्टीची धार रबरात शिरली, पाइप चिरला आणि पाण्याचा फवारा थेट साहेबांच्या पांढऱ्या शर्टवर!

साहेबांनी चष्मा पुसला, मालकांकडे वळले आणि म्हणाले, “पाहिलंत? प्रेशर किती उत्तम आहे!”

मालकांनी तो पंप नेला, बरं का.

*

त्या प्रकारानंतर हेड ऑफिसने फतवा काढला: यापुढे क्लिप अंदाजाने आवळायची नाही, टॉर्क पान्यानेच आवळायची. ठरलेला जोर लागला की हा पाना ‘कट्’ असा आवाज करतो, मग थांबायचं. कल्पना उत्तम. आठ महिन्यांनी पाना आला. मखमली पेटीत, सर्टिफिकेटसकट.

बागची साहेबांनी तो कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

“साहेब, वापरायचा कधी?”

“वापरायचा? आणि खराब झाला तर? पुन्हा आठ महिने!”

वर्षाने ऑडिटर आले. पेटी उघडली, पाना उलटसुलट पाहिला. त्याच्यावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. त्यांनी आमचं तोंडभरून कौतुक केलं आणि रिपोर्टात लिहिलं, ‘उपकरणाची निगा आदर्श.’ त्या रिपोर्टाची फ्रेम भिंतीवर आहे. फ्रेमच्या खाली बसून आम्ही अंदाजाने क्लिपा आवळतो.

*

खरेदी विभागाने एकदा ‘स्टेनलेस’ क्लिपांचा खोका पाठवला. तापसदांनी खिशातून लोहचुंबक काढलं. ते पट्टीला चिकटलं नाही, स्क्रूला मात्र टपकन चिकटलं. म्हणजे पट्टी स्टेनलेस, स्क्रू साधा लोखंडी, वरून नुसता मुलामा. इथल्या दमट हवेत सहा महिन्यांत गंजणार!

मी फोन केला. खरेदीवाले चिडले. “पट्टी स्टेनलेस आहे ना? मग एवढ्याशा स्क्रूचं काय घेऊन बसलात?”

मी ते तापसदांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. “बरोबर आहे. माणूस दणकट, फक्त हृदय बंद.”

*

आता घरचा आहेर. आम्ही बागबाजारला राहतो. वर आम्ही, खाली घरमालक दत्तबाबू. वय ऐंशीच्या पुढे, पण जीभ पंचविशीतली. मराठी माणूस भाडेकरू म्हणून मिळाला यातच ते खूश. अठराव्या शतकात बंगालवर चालून आलेल्या मराठ्यांना अडवायला खोदलेला खंदक इथूनच सुरू होत होता, हे त्यांनी मला करार करतानाच सांगितलं होतं. मला ते प्रेमाने ‘बर्गी’ म्हणतात, म्हणजे लुटायला आलेला मराठा घोडेस्वार.

वॉशिंग मशीन आलं. प्लंबरला बोलवूया, असं माझी बायको मेधा म्हणाली. मी दुखावलो. “अगं, मी दिवसभर हेच करतो!” पाइप चढवला, क्लिप लावली, अगदी टोकाला, कारण पाइप पूर्ण आत गेलाय की नाही ते बघायला मी वाकलो नाही. क्लिप अर्धी पाइपवर, अर्धी हवेत.

रविवारी सकाळी मशीन लावून आम्ही बाजारात गेलो. परत आलो तर दत्तबाबू जिन्यात, लुंगी गुडघ्यापर्यंत वर धरून उभे. त्यांच्या छतातून पाणी ठिबकत होतं, आणि खाली त्यांची पुस्तकं होती.

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आणि मेधाने दुपारभर एकेक पुस्तक पुसून पंख्याखाली उघडून ठेवलं. मेधा एकदाच बोलली. “तू ऑफिसात नक्की काय करतोस रे?”

दत्तबाबू आरामखुर्चीत बसून बघत होते. शेवटी म्हणाले, “आमच्या पूर्वजांनी तुम्हाला अडवायला एवढा खंदक खणला. त्यांचं चुकलं. तुम्ही खंदकातलं पाणीच घेऊन आलात!”

*

आणि हा लाँचचा, म्हणजे नदीतल्या मोटरबोटीचा. एका मालकाच्या जुन्या लाँचचं इंजिन आम्ही नवंकोरं करून दिलं. पहिल्या फेरीचा समारंभ ठरला. कुठल्याशा खात्यातले निवृत्त बडे अधिकारी प्रमुख पाहुणे. फीत कापण्यात काय नवीन, म्हणून बागची साहेबांनी डोकं लढवलं: शेवटची क्लिप पाहुण्यांच्या हस्ते आवळायची!

स्क्रू ड्रायव्हरला झेंडूची माळ बांधली. पाहुण्यांनी स्क्रू दीड वेढा फिरवला, फोटो निघाला, टाळ्या पडल्या.

मी वाकून पाहिलं. क्लिप बोटानेही फिरत होती. मी पाना काढला, तर बागची साहेबांनी मनगट धरलं. “पाहुण्यांनी बांधलीय! त्यांच्यादेखत हात लावायचा नाही.”

“साहेब, निसटेल.”

“शुभ बोला!”

लाँच सुटली. वर तीस-चाळीस माणसं, सनई, सिंगाडे म्हणजे इथले सामोसे. बरोबर नदीच्या मध्यावर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप निसटला. खाली इंजिनरूममध्ये नुसती वाफ. तापसदांनी इंजिन बंद केलं. ओहोटीच्या ओढीने लाँच वाहायला लागली. लाँच चालवणाऱ्या सारंगाने नांगर टाकला, पण तो गाळात घसरत होता आणि समोर नांगर टाकून उभा असलेला एक मालवाहू बार्ज हळूहळू मोठा होत चालला होता. मला पोहता येत नाही.

वर मात्र एकदम शांतता झाली होती. त्या शांततेत पाहुण्यांचा आवाज आला, “मित्रहो...” भाषण सुरू!

बागची साहेब धावत खाली आले. चेहरा पांढराफटक. “काय करू? त्यांना थांबवू?”

“अजिबात नको,” तापसदा म्हणाले. “इंजिन गार व्हायला हवं. अजून दहा मिनिटं बोलू द्या.”

साहेब वर गेले आणि जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवत राहिले. पाहुणे खुलले. तापसदांनी नळीवरचं तेल पुसलं, अंगावरच्या गमछ्यात पाइप धरून पार आतपर्यंत रेटला, क्लिप नळीच्या उंचवट्यामागे बसवली आणि सात नंबरच्या पान्याने आवळली. एकदा, दोनदा, बस्स. पाहुण्यांसाठी आणलेल्या पाण्याच्या बाटल्या मी एकेक करून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत ओतल्या. बार्जवरच्या खलाशाच्या गंजीफ्रॉकची भोकं दिसायला लागली तेव्हा इंजिन सुरू झालं.

धक्क्याला उतरताना पाहुणे तापसदांपाशी थांबले.

“मध्ये इंजिन मुद्दाम बंद केलं होतंत का?”

बागची साहेबांनी डोळे मिटून घेतले.

“हो साहेब,” तापसदा म्हणाले. “आवाजात आपलं भाषण वाया गेलं असतं.”

पाहुण्यांचे डोळे भरून आले. तापसदांच्या खांद्यावर हात ठेवून ते बागची साहेबांना म्हणाले, “हा माणूस सांभाळा. आणि पुढच्या लाँचलाही मला बोलवा, मी दोन क्लिपा आवळेन!”